देवमासा हवेतच श्वास घेतो, मग वाळूवर का मरतो?

खारवारा

२०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याला देवमाशाचं पिल्लू लागलं होतं, ते इथल्या अनेकांना आठवत असेल. वन विभागाची माणसं, गावकरी, मच्छीमार सगळे रात्रंदिवस झटले. त्याला ओढून खोल पाण्यात नेलं, आणि तरी ते जगलं नाही. तेव्हापासून एक प्रश्न मला वेगवेगळ्या लोकांनी विचारला आहे. देवमासा हा मासा नाही, त्याला कल्ले नाहीत, आपल्यासारखी फुप्फुसं आहेत. म्हणजे त्याला हवाच हवी. मग हवेत आल्यावर तो मरतो कशाने?

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर शोधायला बसलं की या प्राण्याचं सगळं शरीर उलगडत जातं. म्हणून हा धागा. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: पाण्यात जगता यावं म्हणून त्याच्या शरीरात जे जे घडत गेलं, नेमकं तेच वाळूवर त्याच्या जिवावर उठतं.

पहिली गोष्ट वजनाची. निळा देवमासा ३० मीटरपर्यंत वाढतो आणि त्याचं वजन दीडशे टनांच्या आसपास जातं. एवढा देह जमिनीवर पेलायचा तर पाय खांबासारखे जाड हवेत, सांधे तसे हवेत. पाण्यात यातलं काहीच लागत नाही, पाणीच भार उचलतं. त्यामुळे या प्राण्यांचा सांगाडा स्वतःचं वजन पेलण्याच्या कामातून कधीच मोकळा झाला. गाळणीवाल्या देवमाशांत, म्हणजे ज्यांना दातांऐवजी तोंडात झालर असते त्यांच्यात, बरगड्यांची फक्त पहिली जोडी छातीच्या मधल्या हाडाला जोडलेली असते. बाकीच्या पुढच्या बाजूला सुट्या. खोल पाण्यात दाब वाढला की छाती आत दबते आणि वर आल्यावर पुन्हा फुलते, काही मोडत नाही. ही सुटी रचना पाण्यात वरदान आहे. वाळूवर मात्र वरून टनावारी वजन येतं आणि खालून आधार देणारा पिंजराच नसतो. फुप्फुसं दबतात, प्रत्येक श्वास ओढून घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. पाणी हवेच्या तुलनेत साधारण २५ पट वेगाने अंगातली ऊब खेचून घेतं. त्यावर उपाय म्हणून कातडीखाली चरबीचा जाड थर आला. उत्तर ध्रुवाकडच्या बोहेड देवमाशात हा थर अर्धा मीटरपर्यंत जाड असतो. समुद्रात हे ठीकच. पण घामाच्या ग्रंथी नाहीत आणि गोधडी अंगावेगळी करता येत नाही, अशा प्राण्याला कोकणच्या उन्हात वाळूवर ठेवल्यावर काय होईल? मोठे देवमासे मेल्यानंतरही कितीतरी तास आतून तापत राहतात.

मग समुद्रात पोहताना ते तापत नाहीत का? तापतात, पण त्यांनी ऊब बाहेर टाकण्याची जागा राखून ठेवलेली आहे. पुढचे पर, पाठीवरचा पर आणि शेपटीची पाती, इथे चरबी जवळजवळ नसते. तिथल्या धमनीभोवती बारीक शिरांचं जाळं गुंफलेलं असतं. गार पाण्यात, बाहेर जाणारं गरम रक्त आपली ऊब परत येणाऱ्या गार रक्ताला देऊन टाकतं, त्यामुळे ऊब शरीरातच राहते. अंग तापलं की हेच रक्त कातडीलगतच्या वेगळ्या शिरांतून परत फिरतं आणि पाण्यात ऊब सोडतं. नर डॉल्फिनची अंडकोशं पोटाच्या आत, पोहण्याच्या गरम स्नायूंच्या मधोमध असतात. परांमधून गार होऊन आलेलं रक्त थेट तिकडे नेलं जातं, म्हणून प्रजनन सुरळीत राहतं. मला या प्राण्यांच्या शरीरातली ही सर्वात सुंदर जोडणी वाटते.

किनाऱ्याला लागलेल्या डॉल्फिनच्या परांवर आणि पाठीवर ओली फडकी टाकतात, ती याच कारणाने.

धमनी

उत्तम विषय. मी डॉक्टर आहे, म्हणून तिसरं कारण मी जोडते, कारण ते आमच्या क्षेत्रात रोज वापरलं जाणारं ज्ञान आहे.

भूकंपात ढिगाऱ्याखाली पाय किंवा मांडी तासन्‌तास दबून राहिलेली माणसं बाहेर काढताना नीट बोलत असतात आणि मग एक-दोन दिवसांत दगावतात. दबलेल्या स्नायूला रक्त मिळत नाही, तो मरू लागतो. दाब निघाला की त्यातला पोटॅशियम आणि मायोग्लोबिन रक्तात शिरतात. पोटॅशियम हृदयाला नडतं, मायोग्लोबिन मूत्रपिंडात जाऊन अडकतं. लघवी गडद तपकिरी होते आणि मूत्रपिंडं बंद पडतात.

वाळूवर पडलेल्या देवमाशाचं खालच्या अंगाचं मांस त्याच्या स्वतःच्याच वजनाखाली असंच दबलेलं असतं. आणि त्याच्या स्नायूंत मायोग्लोबिन आपल्या कितीतरी पट जास्त. म्हणून पाण्यात परत सोडलेला प्राणी पोहत गेलेला दिसला तरी तो वाचला असं लगेच म्हणता येत नाही. इजा आत झालेली असते.

मायोग्लोबिनबद्दल थोडं सांगायलाच हवं. हे स्नायूतलं प्राणवायू धरून ठेवणारं प्रथिन. रेण्वीय जीवशास्त्राच्या इतिहासात ज्या प्रथिनाची त्रिमितीय रचना सर्वात आधी उलगडली, ते हेच, आणि ते घेतलं होतं स्पर्म व्हेल या दातवाल्या, खोल डुबी मारणाऱ्या देवमाशाच्या मांसातून. केंब्रिजच्या जॉन केंड्रू यांनी तेच निवडलं, कारण त्यात मायोग्लोबिन भरपूर आणि त्याचे स्फटिक चांगले बनतात. १९५८ मध्ये पहिली ढोबळ रचना आली, १९६२ मध्ये त्यांना आणि मॅक्स पेरुट्झ यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पुढची गोष्ट तर आणखी विलक्षण. प्रथिनं एका जागी फार दाटीने भरली की एकमेकांना चिकटून गोळे होतात. मग देवमासा आणि सील यांच्या स्नायूंत ती इतकी ठासून भरलेली असूनही का चिकटत नाहीत? २०१३ मध्ये लिव्हरपूल विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की, खोल डुबी मारणाऱ्या प्राण्यांच्या मायोग्लोबिनच्या पृष्ठभागावर धन विद्युतभार जास्त असतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून दाटी करूनही रेणू सुटे राहतात. शिवाय रेणूवरून डुबीची क्षमता ताडता येते, म्हणून नामशेष झालेल्या पूर्वजांनाही किती वेळ पाण्याखाली राहता येत असेल याचा अंदाज बांधता आला.

तारकर्लीचा_पाणबुड्या

मी पर्यटकांना स्कूबाला नेतो. आमच्या शिकवणीत पहिल्याच दिवशी घोकून घेतात की दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो आणि वर येताना घाई करायची नाही. घाई केली तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, सांधे दुखतात, माणूस लुळा पडू शकतो, दगावूही शकतो.

मग देवमासे हजार-दोन हजार मीटर जातात आणि सरळ वर येतात, त्यांना हे का होत नाही? आणि तेवढ्या दाबाखाली फुप्फुसं फुटत कशी नाहीत?

खारवारा

पाणबुड्या, दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे: त्यांची फुप्फुसं खोलात रिकामी असतात.

आधी माणसातला फरक. स्कूबाच्या टाकीतून तुम्ही खाली असतानाही सतत दाबाखालची हवा आत घेत असता, म्हणजे नायट्रोजनचा पुरवठा चालूच. देवमासा किंवा सील एकदाच घेतलेल्या श्वासावर खाली जातो. सील तर डुबी मारण्याआधी बऱ्याचदा हवा बाहेर सोडतात. थोडं खाली गेलं की फुप्फुसांच्या हवेच्या पिशव्या दबून बंद होतात आणि उरलेली हवा श्वासनलिकेच्या जाड, कूर्चेने बळकट झालेल्या भागात सरकते. तिथून ती रक्तात शिरू शकत नाही. रक्त आणि हवेची भेटच तुटली की नायट्रोजन विरघळायचा प्रश्न मिटला. दाबही बिनधोक, कारण पोकळी उरलेलीच नसते. पाणी आणि मांस दाबलं जात नाही, हवा दाबली जाते.

हे कोणी तपासलं याची कथा सांगण्यासारखी आहे. अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो साउंडमध्ये समुद्रावर जाड बर्फ असतो. १९६० च्या दशकात जेराल्ड कूयमन या संशोधकाने तिथे बर्फात एकटं भोक पाडलं, जवळपास दुसरं भोक नाही अशा ठिकाणी, आणि वेडेल सीलला त्यातून सोडलं. श्वासाला परत यायला तेवढंच एक ठिकाण असल्याने प्राणी अंगावरच्या यंत्रासकट तिथेच यायचा. त्या पहिल्या यंत्रात वेळ मोजायला स्वयंपाकघरातलं घड्याळ, म्हणजे तासाभराचा टायमर वापरलेला होता! त्यातून कळलं की हे सील ६०० मीटर खोल जातात आणि पाऊण तासाच्या आसपास पाण्याखाली राहू शकतात.

नंतर बॉस्टनचे भूलतज्ज्ञ वॉरेन झापोल यांच्या गटाने त्याच बर्फावर सीलच्या पाठीवर यंत्र बसवलं. ते पोहत असतानाच रक्ताचे नमुने घ्यायचं. १९८५ मध्ये निष्कर्ष आला: रक्तातला नायट्रोजन सुरुवातीला थोडा वाढतो आणि मग वाढायचा थांबतो. त्यावरून हिशेब लागला की २५ ते ५० मीटरच्या दरम्यान फुप्फुसं मिटतात.

गणिती

थोडी शंका. फुप्फुसं मिटली म्हणजे नायट्रोजन बंद, पण मग प्राणवायूही बंद. तो कुठून येतो? एका चोचवाल्या देवमाशाने २२२ मिनिटं श्वास रोखल्याचं वाचलंय. ते खरं आहे का, की बातम्यांमधला फुगवटा?

खारवारा

खरं आहे. क्युव्हियर बीक्ड व्हेल ही ती जात. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनाच्या केप हॅटरासजवळ टॅग लावलेल्या प्राण्यांची ती नोंद २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाजवळच्या त्याच जातीच्या देवमाशाची २,९९२ मीटर खोलीची नोंद आली होती. तिथला दाब वरच्या हवेच्या जवळपास ३०० पट. नेहमीच्या डुब्या तासाभराच्या असतात, २२२ मिनिटं ही टोकाची गोष्ट.

प्राणवायूचं उत्तर: तो फुप्फुसांत ठेवलेलाच नसतो. वेडेल सीलच्या एकूण साठ्यापैकी फुप्फुसांत सुमारे ५ टक्केच, बाकी रक्त आणि स्नायूंत. आपल्यात एक तृतीयांशाहून जास्त फुप्फुसांत असतो, म्हणून आपण बुडी मारताना छाती फुगवून घेतो. एलिफंट सीलच्या शरीराच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा रक्त असतं. आपल्यात सात-आठ टक्के. त्या रक्तात तांबड्या पेशीही दाट, आणि आणखी पेशी प्लीहेत, म्हणजे पोटातल्या रक्त साठवणाऱ्या अवयवात, राखून ठेवलेल्या. डुबी सुरू झाली की प्लीहा आकसते आणि त्या रक्तात सोडते.

साठ्याइतकीच महत्त्वाची काटकसर. हृदय मंदावतं, हातापायांकडचं, आतड्यांकडचं, मूत्रपिंडांकडचं रक्त रोखलं जातं. मेंदू आणि हृदयाला तेवढं चालू राहतं. स्नायू आपल्याच मायोग्लोबिनवर भागवतात. नॉर्वेचे पेर शोलँडर यांनी १९४० मध्ये यावर मोठा प्रबंध लिहिला, आणि आजही या विषयाचा पाया तोच आहे.

२०१९ मध्ये तर निळ्या देवमाशाच्या हृदयाचे ठोके पहिल्यांदा मोजले गेले. कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात चार चूषक लावलेलं यंत्र परामागे चिकटवून. खोलात असताना मिनिटाला ४ ते ८ ठोके, कधी २ वर. वर येऊन श्वास घेताना २५ ते ३७. ३७ म्हणजे त्या हृदयाची जवळजवळ कमाल मर्यादा, असा त्या संशोधकांचा अंदाज.

धमनी

हा मंदावण्याचा गुण आपल्यातही शिल्लक आहे. तोंडावर गार पाणी लागलं आणि श्वास रोखला की हृदयाची गती उतरते. हृदय एकदम धावायला लागण्याच्या एका आजारात लहान बाळांच्या चेहऱ्यावर काही क्षण बर्फाची पिशवी ठेवून ठोके ताळ्यावर आणतात. हे रुग्णालयातच करायचं काम आहे, घरी कोणी करू नये.

इंडोनेशियातल्या बजाऊ लोकांच्या पिढ्यान्‌पिढ्या समुद्रात डुबी मारण्यात गेल्या. २०१८ मधल्या अभ्यासात त्यांची प्लीहा शेजारच्या गावातल्या लोकांपेक्षा सुमारे दीडपट मोठी आढळली, आणि न डुबणाऱ्या बजाऊंचीही. म्हणजे ते वारशाने आलंय.

तारकर्लीचा_पाणबुड्या

एवढं सगळं असताना देवमाशांना बुडबुड्यांचा त्रास कधीच होत नाही, असं समजायचं का?

खारवारा

नाही, आणि हा भाग मला फार अस्वस्थ करतो. २००२ च्या सप्टेंबरात कॅनरी बेटांजवळ नौदलांचा सराव चालू असताना १४ बीक्ड व्हेल किनाऱ्याला लागले. शवविच्छेदनात त्यांच्या अवयवांत वायूचे बुडबुडे आणि रक्तवाहिन्यांत चरबीचे कण सापडले, पाणबुड्यांच्या आजारात दिसतात तसे. सोनारच्या, म्हणजे पाण्याखालच्या वस्तू आवाजाने शोधणाऱ्या नौदलाच्या यंत्राच्या, आवाजाने बिथरून त्यांनी डुबीची रीत सोडली असावी, हा त्याचा सर्वात पटणारा अर्थ. सगळी यंत्रणा ठरावीक वेगाने, ठरावीक वेळेत खाली-वर करण्यावर बेतलेली आहे. भीतीने ती रीत मोडली की तेच शरीर दगा देतं. स्पेनने २००४ मध्ये त्या बेटांभोवती सोनारवर बंदी घातली आणि पुढच्या दहा वर्षांत तिथे अशी सामूहिक घटना झाली नाही. एका सरकारी निर्णयाने एवढा फरक पडतो, हे लक्षात ठेवायला हवं.

चिंचोका

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. हा धागा तिला वाचून दाखवतेय, तर तिचे दोन प्रश्न. डॉल्फिनला तहान लागली तर तो काय पितो? आणि पिल्लू पाण्याखाली दूध कसं पितं, नाकातोंडात पाणी जात नाही का?

खारवारा

चिंचोकाताई, मुलीला शाबासकी द्या. दोन्ही प्रश्न मोठ्यांना सुचत नाहीत.

डॉल्फिन समुद्राचं पाणी मुद्दाम पीत नाही. त्याला पाणी मिळतं माशांतून, कारण माशाच्या शरीरात बरंच पाणी असतं, आणि चरबी जाळताना शरीरात नवं पाणी तयारही होतं. त्याची मूत्रपिंडं शेकडो छोट्या तुकड्यांची मिळून बनलेली असतात आणि खारट, दाट लघवी करून पाणी वाचवतात. आजारी डॉल्फिन खात नाही तेव्हा तो उपाशी असतोच, शिवाय तहानलेलाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिला गंमत वाटेल असं आहे. डॉल्फिनचं नाक डोक्यावर असतं आणि त्याची श्वासनलिका घशातून वर जाऊन थेट नाकाच्या वाटेत बसवलेली असते. अन्नाचा रस्ता वेगळा, हवेचा वेगळा. म्हणून तो तोंडाने श्वास घेऊच शकत नाही. पाण्याखाली तोंड उघडून मासा धरला किंवा दूध प्यायलं तरी पाणी फुप्फुसात जात नाही. आईचे स्तन पोटाच्या फटीत दडलेले असतात. पिल्लू जीभ नळीसारखी वळवून ते तोंडात धरतं, आणि आई स्नायूंनी दूध आत सोडते, त्यामुळे ते पाण्यात सांडत नाही.

दूधही कसलं! निळ्या देवमाशाच्या दुधात ३५ ते ५० टक्के चरबी असते आणि पिल्लू दिवसाला ९० किलोच्या आसपास वाढतं. उत्तर अटलांटिकमधल्या हूडेड सीलचं पिल्लू तर फक्त ४ दिवस दूध पितं. तुटणाऱ्या बर्फावर जन्मल्यामुळे वेळच नसतो. ६० टक्के चरबीच्या दुधावर त्या चार दिवसांत त्याचं वजन जवळपास दुप्पट होतं आणि आई निघून जाते.

चिंचोका

मुलगी म्हणते, चार दिवसांत आई निघून जाते हे तिला आवडलेलं नाही. बाकी सगळं आवडलं. :)

पहाटपाऊस

मी कॅलिफोर्नियात राहते. इथे आन्यो नुएव्होच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात एलिफंट सील येतात, वाळूवर मैलभर पसरलेले असतात. मार्गदर्शक लांबूनच दाखवतात. नर इतके अवजड की चालताना सगळं अंग थरथरतं, आणि तोच प्राणी समुद्रात दीड किलोमीटरच्याही खाली गेल्याच्या नोंदी आहेत.

समुद्रात असताना ते कित्येक महिने जमिनीला लागत नाहीत. मग झोपतात कधी? २०२३ मध्ये यावर संशोधन आलं. त्यांच्या डोक्यावर मेंदूच्या लहरी मोजणारी टोपी बसवली होती. दिवसाला मिळून सरासरी दोनच तास झोप, तीही डुबी मारताना. खाली उतरता उतरता गाढ झोप लागते, स्वप्नांच्या टप्प्यात अंग सैल पडून प्राणी उलटा होतो आणि पडणाऱ्या पानासारखा गरगरत खाली जात राहतो. २० मिनिटांच्या आत जागा होऊन वर. शार्क आणि किलर व्हेल वरच्या थरात जास्त असतात, म्हणून खोलात झोपणंच सुरक्षित. किनाऱ्यावर मात्र हेच प्राणी दिवसाला दहा तासांहून अधिक झोपतात.

डॉल्फिनची पद्धत वेगळी, एका वेळी अर्धाच मेंदू झोपतो. रशियन शास्त्रज्ञ लेव्ह मुखामेतोव यांनी १९७७ मध्ये ते मेंदूच्या लहरींवरून दाखवलं.

माँटेरेला सी ऑटर, म्हणजे समुद्री पाणमांजरंही दिसतात. त्यांच्याकडे चरबीचा थर जवळजवळ नाहीच. सगळी भिस्त केसांवर: काही जागी एका चौरस सेंटिमीटरला लाखाहून जास्त केस, त्यात अडकलेली हवा ऊब धरते. रोज शरीराच्या वजनाच्या पाव हिश्शाइतकं खावं लागतं. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन व्हाल्डीझ जहाजातून तेल सांडलं तेव्हा हजारो ऑटर गेले, कारण केस तेलाने चिकटले की पाणी थेट कातडीला लागतं.

अश्मक

मी महाविद्यालयात भूशास्त्र शिकवतो. या धाग्यात आपल्या उपखंडाचं नाव आलं नाही, म्हणून लिहितो. देवमासे समुद्रात उतरले त्या काळाचे सर्वात मौल्यवान पुरावे इथल्याच दगडांत आहेत.

सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंड आशियाला धडकत होता आणि मधला टेथिस समुद्र आटत होता. त्याच्या उथळ काठांवर हे घडलं. पाकिस्तानात पॅकिसेटस सापडला, १९८१ मध्ये त्याला नाव मिळालं. चार पायांचा, पण कानाचं हाड देवमाशाचं. गुजरातच्या कच्छमध्ये कच्छिसेटस सापडला. सुनील बाजपेयी आणि हान्स थेविसन यांनी २००० साली त्याचं वर्णन केलं.

मला सर्वात जवळची वाटते ती इंडोहायसची कथा. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मूतल्या कालाकोटजवळून दगड गोळा केले होते. त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नीने ते थेविसन यांच्याकडे सोपवले. दगड फोडून हाडं मोकळी करताना एक कवटी फुटली आणि आतलं कानाचं हाड उघडं पडलं. त्याची आतली भिंत जाड होती, फक्त देवमाशांत दिसते तशी! प्राणी मात्र रॅकूनएवढा, म्हणजे साधारण मोठ्या मांजराएवढा, हरणासारख्या बारीक पायांचा, साधारण ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. त्याच्या पायांची हाडं बाहेरून जाड आणि भरीव होती, पाण्यात तळाला चालताना तरंगू नये म्हणून. २००७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. एका तज्ज्ञाने जमवलेले दगड कित्येक वर्षं पेट्यांत पडून राहिले, तरी जपले गेले, म्हणून हे कळलं. आपल्याकडच्या संग्रहालयांनी आणि महाविद्यालयांनी जुने नमुने जपावेत असं मी म्हणतो, ते याचसाठी.

एक साधी खूण सर्वांनी पाहण्यासारखी: मासा शेपूट डावी-उजवीकडे हलवतो, देवमासा वर-खाली. धावणाऱ्या सस्तन प्राण्याचा कणा वर-खाली वाकतो. पाय गेले, कण्याची ती लकब राहिली. मागच्या पायांच्या जागी कंबरेच्या हाडाचे तुकडे अजून आहेत. त्यांना प्रजननाचे स्नायू जोडलेले असतात, त्यामुळे ती निरुपयोगी नाहीत.

रापण

आमचं घर मच्छीमारीवर आहे, मालवणच्या बाजूला. आमच्याकडे कुबडवाले डॉल्फिन किनाऱ्याजवळच असतात, उथळ पाण्यात, खाडीच्या तोंडाशी. पाठीवर पर नसलेला लहान फिनलेस पॉरपॉइजही असतो, पण तो उडी मारत नाही म्हणून पर्यटकांना दिसत नाही.

मला एकच विचारायचं आहे. त्यांना आवाजाने सगळं कळतं म्हणतात, मग ते जाळ्यात का सापडतात? आणि जाळ्यात फार वेळ नसले तरी मेलेले का निघतात?

खारवारा

रापणदादा, तुमच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवं.

डॉल्फिन नाकाच्या वाटेतल्या दोन मांसल ओठांमधून हवा ढकलून टकटक आवाज काढतो. कपाळातली चरबीची गाठ तो आवाज पुढे एकवटते. परत आलेला प्रतिध्वनी खालच्या जबड्यातून आत जातो. तो जबडा पोकळ असतो आणि त्यात चरबी भरलेली असते, ती आवाज आतल्या कानापर्यंत पोचवते. कानाची हाडं कवटीपासून सुटी असतात, म्हणून डावीकडून आलं की उजवीकडून, हे पाण्यातही कळतं. माशाच्या पोटातली हवेची पिशवी या आवाजाला जोरात प्रतिसाद देते. नायलॉनचा बारीक धागा मात्र पाण्याच्या घनतेच्या जवळचा, त्याचा प्रतिध्वनी फार क्षीण. शिवाय प्राणी सतत आवाज काढत नाही, आणि माशांच्या मागे असताना त्याचं लक्ष माशांवर असतं.

मरण्याचं कारण सरळ आहे. आपण बेशुद्ध झालो तरी श्वास चालू राहतो. डॉल्फिनचा प्रत्येक श्वास त्याच्या इच्छेने होतो. पाण्याखाली तो नाक उघडतच नाही. जाळ्यात अडकून धडपडला की ज्या साठ्यावर एरवी सहज काही मिनिटं काढली असती, तो झपाट्याने संपतो, कारण धडपडीत स्नायू सगळं जाळून टाकतात. काटकसरीची ती सगळी व्यवस्था शांत पोहण्यासाठी आहे. कुबडवाले आणि फिनलेस तर उथळ पाण्याचे, त्यांचा साठाही स्पर्म व्हेलसारखा मोठा नाही.

रापण

म्हणजे हातात मिनिटंच असतात. आमच्यात बरेच जण जाळं कापून सोडतात, पण जाळ्याची किंमत मोठी असते. सरकार भरपाई देतं असं ऐकलं होतं.

खारवारा

हो. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं तर महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून कमाल २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. मत्स्यव्यवसाय विभाग आणि कांदळवन कक्ष मिळून ती योजना चालवतात. प्राणी सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ काढून ठेवा, अर्जाला ते लागतात.

आणि किनाऱ्याला जिवंत प्राणी लागला तर काय करायचं, ते इथे लिहून ठेवतो. शेपटीला दोर बांधून ओढू नका, मणके निखळतात. परांना धरून उचलू नका. डोक्यावरच्या नाकात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नका, ओलं फडकं टाकताना ती जागा उघडी ठेवा. अंगावर सावली करा, परांवर आणि शेपटीवर सतत पाणी घाला. तो कुशीवर कललेला असेल तर हळूच पोटावर आणा आणि परांच्या खाली वाळूत खड्डे करा, म्हणजे ते दुमडून दबणार नाहीत. गर्दी आणि आवाज दूर ठेवा, नाकाच्या समोर तोंड नेऊ नका, त्याच्या उच्छ्वासातून आजार लागू शकतो. आणि हे सगळं सुरू करण्याच्या आधी वन विभागाला १९२६ वर कळवा. ओहोटीची वेळ असेल तर भरती कधी आहे तेही त्यांना सांगा, कारण सोडवण्याचा बेत त्याच हिशेबाने आखावा लागतो.

रापण

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर हे मोठ्या अक्षरांत लावतो. भरतीचं कोष्टक तिथे आधीपासूनच असतं, त्याच्या शेजारी.